तेच पाच आवाज

(दृश्य : समुद्रातल्या खडकावर उभा टी आकाराचा टॉवर. आधी जुन्या मालिकेतला, मग नव्या मालिकेतला.)

‘टीन टायटन्स’ ही जुनी कार्टून मालिका, ‘टीन टायटन्स गो!’ ही नवी. टॉवर तोच आहे. त्यात राहणारी पाच सुपरहिरो मुलंही तीच : रॉबिन, स्टारफायर, सायबॉर्ग, रेव्हन आणि बीस्ट बॉय. नवी मालिका सुरू झाली तेव्हा त्यांना आवाज द्यायलासुद्धा जुनेच पाच कलाकार परत आले. रॉबिनसाठी स्कॉट मेनव्हिल, रेव्हनसाठी टारा स्ट्राँग, आणि बाकीचे तिघंही. तरीही ‘टीन टायटन्स’वर जीव टाकणाऱ्या अनेकांना ‘टीन टायटन्स गो!’ पाच मिनिटंही बघवत नाही.

का, ते नीट पाहू या.

(दृश्य : कॉमिक्सची जुनी मुखपृष्ठं.)

टायटन्सचा जन्म डीसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनाच्या चित्रकथांत १९६४ साली झाला. १९८० मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी ही टोळी नव्याने बांधली. स्टारफायर, सायबॉर्ग आणि रेव्हन ही पात्रं त्यांनीच घडवली. १९ जुलै २००३ला कार्टून नेटवर्कवर आलेली मालिका याच पायावर उभी होती. तिची सूत्रं ग्लेन मुराकामी यांच्याकडे होती. मालिका अमेरिकन, पण रेषेवर ॲनिमेचा, म्हणजे जपानी कार्टूनशैलीचा, ठसा. पात्रं चिडली की डोळे भलेमोठे होत, लाजली की चेहरा लालबुंद. शीर्षकगीत जपानच्या पफी अमियुमी या जोडीने म्हटलं होतं, इंग्रजीतही आणि जपानीतही.

म्हणजे गंमत जुन्या मालिकेतही भरपूर होती. ‘नवी मालिका विनोदी आहे म्हणून वाईट’ ही तक्रार मला म्हणूनच पटत नाही. बीस्ट बॉयचे पाणचट विनोद आणि त्यावर रेव्हनचं कपाळाला आठ्या घालणं २००३पासूनच चालू आहे.

जुन्या मालिकेचं मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. तिथे घडलेली गोष्ट पुसली जात नसे.

(दृश्य : खडकावर उभी राहून जमीन उचलणारी टेरा.)

दुसऱ्या पर्वात टेरा येते. माती आणि दगड तिच्या इशाऱ्यावर हलतात, पण ती शक्ती तिच्या ताब्यात राहत नाही. हे गुपित एकट्या बीस्ट बॉयला कळतं. कुणाला सांगणार नाही, असा शब्द तो तिला देतो. रॉबिनला मात्र ते स्वतःच्या निरीक्षणातून समजतं. टेराला वाटतं, बीस्ट बॉयने विश्वासघात केला. ती निघून जाते. परत येते तेव्हा ती स्लेडची झालेली असते. टायटन्सचा सर्वांत थंड डोक्याचा शत्रू तो. ती मित्रांचा घात करते. शेवटी स्लेडवरच उलटते, शहर वाचवण्यासाठी ज्वालामुखी थोपवते आणि स्वतः दगड होऊन जाते. मित्र तिच्या पायाशी पाटी लावतात : टेरा, एक टीन टायटन, खरी मैत्रीण.

लहान मुलांच्या मालिकेत एवढं होऊन दुसऱ्या आठवड्यात सगळं विसरलं गेलं असतं, तर कुणी जाब विचारला नसता. इथे तसं झालं नाही. पासष्टाव्या, म्हणजे शेवटच्या भागात बीस्ट बॉयला टेरासारखीच दिसणारी एक शाळकरी मुलगी भेटते. गुहेतला पुतळा नाहीसा झालेला असतो. तो तिला जुन्या आठवणी सांगतो, पुन्हा पुन्हा विनवतो. तिला ते आयुष्य नको आहे. ती टेराच आहे की नाही, हे मालिका सांगत नाही. मित्रांना त्याची गरज असते. तो लढायला जातो. जानेवारी २००६ मध्ये मालिका इथेच थांबली. पुढचं पर्व आलं नाही. त्या वर्षी टोकियोत घडणारा एक चित्रपट आला, तेवढाच.

(दृश्य : ठेंगणी, मोठ्या डोक्याची पात्रं. रंग भडक, हालचाल वेगवान.)

काही वर्षांनी याच पात्रांच्या छोट्या विनोदी फिती निघाल्या आणि त्यांच्यातून २३ एप्रिल २०१३ला ‘टीन टायटन्स गो!’ उभी राहिली. भाग अकरा मिनिटांचा. गुन्हेगार बहुतेक वेळा दाराबाहेरच. खरा गोंधळ स्वयंपाकघरात आणि सोफ्यावर. कधी टॉवर कोसळतो, कधी पात्रं मरतातसुद्धा, आणि पुढच्या भागात सगळं जागच्या जागी. मालिकेने चारशेहून अधिक भाग केले आहेत, आणि तिची कल्पकता मला मनापासून आवडते. घरात पैसा गुंतवून मालमत्ता कशी वाढते, हे रॉबिन मुलांना चक्क समजावून सांगतो. एका गाण्यासाठी अख्खं वेगळं जग रंगवलं जातं. अशा धाडसाला ताकद लागते.

टीकाकारांना तिने उत्तरही दिलं आहे. एका भागाच्या नावात स्लेडचं पुनरागमन आहे, पण स्लेडशी लढाई आपल्याला दाखवतच नाहीत. विजय साजरा करायला टायटन्स एक विदूषक बोलावतात. सायबॉर्ग आणि बीस्ट बॉय वैतागतात : लहानपणी हा किती भारी होता! रेव्हन सांगते, विदूषक तसाच आहे, मोठे तुम्ही झालात.

उत्तर हुशार आहे. पण मला ते मान्य नाही.

टेरा दगड झाली तेव्हा समोर बसलेली मुलंही आठ-दहा वर्षांचीच होती. मोठ्यांनी तो भाग आठवणींत फुगवून ठेवलेला नाही. मुलांनी तो मूल असतानाच पाहिला आणि पेलला. एखादी मैत्रीण दूर जाते, माफी मागूनही परत येत नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला शाळेत रोज भेटतं. जुन्या मालिकेने त्यावर त्याच्याशी बरोबरीने बोलणं केलं. ‘गो!’मध्येही टेरा येते, पण तिचं दुःख तिच्यासोबत येत नाही. ‘गो!’ला जुने कार्टून, जुनी गाणी, जुने चित्रपट सगळे आठवतात. कालच्या भागात मित्राला काय लागलं, ते आठवत नाही.

(दृश्य : दोन रॉबिन समोरासमोर.)

निर्मात्यांना हे अंतर ठाऊक होतं. २०१८च्या ‘गो!’ चित्रपटात श्रेयनामावली चालू असताना जुना रॉबिन क्षणभर पडद्यावर येतो आणि परतीची वाट सापडल्याचं सांगतो. पुढच्याच वर्षी दोन्ही टोळ्या एका चित्रपटात आमनेसामने आल्या, आणि त्या पाच कलाकारांनी दोन-दोन भूमिका केल्या. टारा स्ट्राँगच्या दोन रेव्हन लागोपाठ ऐका. गळा एक आहे. एकीच्या बोलण्यात राक्षस वडिलांची, ट्रायगॉनची, भीती मुरलेली आहे. दुसरीला ती कधी शिवलेलीच नाही.

तुमच्या घरातलं मूल ‘गो!’ बघत असेल तर बघू द्या, सोबत हसा. आणि ते आठेक वर्षांचं झालं की पहिल्या पर्वाच्या अखेरचे ‘अप्रेंटिस’चे दोन भाग लावा : मित्रांचा जीव वाचवण्यासाठी रॉबिनला स्लेडची चाकरी करावी लागते, ते. टेराची कथा त्यानंतर. ट्रायगॉनचं चौथं पर्व थोडं मागे ठेवा, ते खरंच भीतिदायक आहे. आणि शेवटचा भाग मुलाला एकट्याला बघायला देऊ नका. तो संपल्यावर ते प्रश्न विचारेल.