तियाऊ नदीच्या अलीकडे

ही तियाऊ नदी. अलीकडे मिझोराममधलं झोखावथार, पलीकडे म्यानमार. उन्हाळ्यात पाणी इतकं उतरतं की माणूस चालत पार होतो.

1 फेब्रुवारी 2021 ला म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि महिनाभरात लोक इकडे यायला लागले. आधी आलेल्यांत पोलिस होते बरं का, निदर्शकांवर गोळ्या झाडायची ऑर्डर त्यांनी मानली नाही आणि सरळ पळाले. मग पलीकडच्या फालम जिल्ह्याच्या साहेबांचं पत्र आलं इकडच्या चंफाई जिल्ह्याच्या साहेबांना, की आमचे आठ पोलिस तुमच्याकडे आलेत, मैत्रीखातर परत करा. जणू चुकलेली म्हैस मागतायत.

10 मार्चला दिल्लीहून गृहखात्याने कळवलं, येणाऱ्यांना अडवा, निर्वासितांचा दर्जा द्यायचा अधिकार राज्यांना नाही. कागदावर बरोबरच आहे ते, कारण भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. शेजारच्या मणिपूरमध्ये तर आदेश निघाला की कॅम्प उघडू नका, आलेल्यांना नम्रपणे परत पाठवा. नम्रपणे! बोंबाबोंब झाली, तेव्हा तीन दिवसांत मागे घेतला.

मिझोरामने मात्र ऐकलंच नाही. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगांनी थेट पंतप्रधानांना लिहिलं, ही आमची रक्ताची माणसं आहेत. येणारे बहुतेक चिन जमातीचे, म्हणजे मिझोंचे भाऊबंदच, आणि याच्यामागे जुनी आठवण पण आहे. मार्च 1966 मध्ये मिझोंनी बंड केलं आणि आपल्याच हवाई दलाने ऐझॉलवर बॉम्ब टाकले, तेव्हा कितीतरी मिझो जीव मुठीत धरून सीमेपलीकडे गेले होते. झोरामथांगा स्वतः त्या बंडातले.

कोर्टाचं काय? एप्रिल 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने जम्मूत राहणाऱ्या, म्यानमारच्याच रोहिंग्या मुसलमानांची परतपाठवणी थांबवली नाही, फक्त रीतसर प्रक्रिया पाळा म्हणालं. पण मे महिन्यात मणिपूर हायकोर्टाने म्यानमारहून आलेल्या पत्रकारांना आणि त्यांच्या घरच्यांना, एकूण सात जणांना, दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात जाऊ दिलं. आधार कसला, तर संविधानाचं कलम 21. त्यात शब्द 'नागरिक' नाहीये, 'व्यक्ती' आहे. म्हणजे जिथे जिवाला धोका तिथे परत ढकलायचं नाही, हे त्यातच आलं असं कोर्टाने मानलं.

तरी 2024 मध्ये त्याच मणिपूरने 77 जणांना सीमेवरच्या मोरेह गावातून म्यानमारला परत पाठवलं. इकडे मिझोराममध्ये हजारो लोक अजून राहतायत, चर्च आणि गावातली पोरं तांदूळ, भाजी, सरपण गोळा करून देतायत.