रानाचं लोखंडी कुंपण : कोपरा, खड्डा आणि ताण

(दृश्य : कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातलं उसाचं रान. कोपऱ्यावरचा लोखंडी अँगल आत झुकलेला. काटेरी तारा सैल, खालच्या दोन जमिनीला टेकलेल्या.)

निवेदन :

या कुंपणाची तार अजून शाबूत आहे. कुठं तुटलेली नाही, गंजही फारसा नाही. मधले खांबही बऱ्यापैकी उभे आहेत. पडलाय तो कोपरा, आणि एकदा कोपरा आत आला की त्याच्या जिवावर ताणलेल्या पाचही तारा ढिल्या होतात. मग म्हैस मान घालते, तिच्या मागनं रेडकू जातं.

कुंपणाचा खर्च काढताना बहुतेक जण तारेचा भाव विचारतात. विचारायला हवं ते, जमिनीखाली काय जाणार आहे हे. लोखंडी खांब किती वर्षं टिकणार हे दोन ठिकाणी ठरतं : कोपऱ्याच्या खड्ड्यात, आणि खांब मातीतून बाहेर येतो त्या वीतभर पट्ट्यात.

(दृश्य : हद्दीचा दगड, दोरी, चुन्याची फक्की.)

सुरुवात हद्दीपासून. शेजाऱ्याशी बांधावरून जरा जरी कुरबूर असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. काँक्रीटमध्ये बसलेला खांब पुन्हा काढणं खांब रोवण्यापेक्षा महाग पडतं. हद्दीचे दगड जागचे हलवू नयेत. सामाईक बांधाच्या मधोमध खांब रोवण्यापेक्षा आपल्या बाजूला दीड-दोन फूट आत घ्यावेत. एवढी जागा सोडायला जीवावर येतं खरं, पण दुरुस्तीला पलीकडं उभं राहायला तीच कामाला येते, आणि शेजाऱ्याचा नांगर खांबाला लागत नाही.

आता हिशेब. चौरस एकर धरला तर एक बाजू साधारण ६३.६ मीटर, चारी बाजू मिळून २५४ मीटर. दर तीन मीटरला, म्हणजे दहा फुटांना एक खांब धरला की ८५ खांब लागतात. कोपरे चार. प्रत्येक कोपऱ्याला दोन टेकू, आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावरच्या खांबाला दोन्हीकडून एकेक टेकू. एकूण १६ टेकू. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामात दर पंधराव्या खांबाला दोन्ही बाजूंनी टेकू देण्याची अट असते. शेतासाठी तो आकडा कमाल समजावा. उताराची किंवा वाकडीतिकडी हद्द असेल तर दर दहाव्या खांबाला टेकू दिलेला बरा. आणि रान चौरस नसेल, लांबट पट्टा असेल, तर तेवढ्याच एकराला खांब कितीतरी जास्त लागतात. म्हणून एकरावर अंदाज न बांधता हद्द टेपनं मोजावी.

(दृश्य : लोखंडाचं दुकान. काट्यावर अँगल.)

मधल्या खांबांना ४० बाय ४० बाय ५ मिलीमीटरचा अँगल पुरतो. तो सहा मीटर लांबीत मिळतो. दोन-दोन मीटरचे तुकडे केले तर एका अँगलचे बरोबर तीन खांब होतात, वाया काही जात नाही. टेकूही दोन मीटरचेच लागतात. आठ फुटी खांब पाहिजे म्हटलं की एका अँगलचे दोनच होतात आणि चार फुटांचा तुकडा उरतो, तो कशालाच धड उपयोगी पडत नाही.

खरेदी करताना वजन बघा. या मापाच्या अँगलचं वजन मीटरला तीन किलोच्या आसपास असतं, म्हणजे सहा मीटरचा नग १८ किलो. काट्यावर तो चौदा-पंधरा भरला तर जाडी पाच मिलीमीटर नाही, मग बिलावर काहीही लिहिलेलं असो. किलोवर घेताना हलका अँगल स्वस्त वाटतो, कारण नगामागे पैसे कमी पडतात. पण गंज बिलाकडं बघत नाही, जाडीकडं बघतो.

कोपऱ्याला आणि फाटकाला ५० बाय ५० बाय ६ घ्यावा. तो सहा मीटरला २७ किलो भरतो. इथं काटकसर नको.

खांबांना भोकं पाडायची ती रंगाच्या आधी, आणि ड्रिलनं. गॅसनं जाळून पाडलेल्या भोकाच्या कडा खडबडीत राहतात, तिथं रंग धरत नाही. खालचं टोक चार इंच चिरून दोन पात्या दोन दिशांना काटकोनात फाकवाव्यात. हे पाय काँक्रीटमध्ये अडकले की खांब फिरतही नाही आणि उपसूनही येत नाही. वेल्डिंग सोयीचं असेल तर तळाशी सळईचा आडवा तुकडा जोडला तरी चालतं. वरचे सहा इंच सोडले तर काँक्रीटमध्ये जाणारा भाग रंगवू नये, सिमेंट स्वतःच लोखंडाला गंजापासून राखतं आणि कोऱ्या लोखंडाला घट्ट धरतं. त्यावरच्या भागाला रेड ऑक्साइडचे दोन हात, मग ऑइल पेंट. आणि काँक्रीट संपतं तिथं, वर-खाली सहा-सहा इंच, डांबराचा जाड थर. पाणी आणि हवा दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात ती जागा हीच. जुने अँगल मोडलेले बघा, सगळे याच रेषेवर मोडलेले दिसतील.

(दृश्य : खड्डे. पहार, खोरं, ट्रॅक्टरला जोडलेलं खड्डे पाडायचं यंत्र.)

कोल्हापूर जिल्ह्यात एकच माप सगळीकडं लागू होत नाही. गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत अंतर शंभरएक किलोमीटरचं, पण एका टोकाला तांबडी, जांभ्याची जमीन आणि धो धो पाऊस, दुसऱ्या टोकाला काळी, भेगाळणारी रानं.

मुरमाड माळावर खड्डा एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फूट खोल पुरतो. कडा उभ्या ठेवाव्यात. वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा पहारीनं आपोआप तयार होतो, तो तसा सोडू नये. खाली खडक लागला तर दीड फुटावर थांबता येतं, पण मग खडकात भोक पाडून सळई बसवावी आणि खांब तिला जोडावा. नुसता खडकावर टेकवलेला खांब काँक्रीटच्या ढेकळासकट कलंडतो.

काळ्या रानाचं गणित वेगळं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. फुगताना ती काँक्रीटच्या कडांना धरून वर रेटते. दरवर्षी थोडा थोडा करत खांब मुळ्यासारखा उपसला जातो. निमुळत्या खड्ड्यातलं काँक्रीट तर पाचरीसारखं वर सरकायला मोकळंच असतं. म्हणून काळ्या मातीत खड्डा अडीच ते तीन फूट खोल घ्यावा, तळाला कडेनं दोन-तीन इंच पोखरून रुंद करावा, आणि काँक्रीटचा बुंधा वर पसरू देऊ नये. तीन फूट खड्डा घेतला तर खांबही तेवढा लांब लागतो, तिथं मग अँगलचे दोनच तुकडे होतात. हा खर्च टाळता येत नाही. एकरभर रान दोन प्रकारच्या मातीत पसरलेलं असेल तर खांबांची यादीही दोन मापांची करावी.

वेळही महत्त्वाची. काळ्या रानात मे महिन्यात खड्डे काढायला गेलं की पहार उडते, आणि भेगांमध्ये काँक्रीटचं पाणी निघून जातं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी. ऊस तुटून गेल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारी, ओल माफक असते तेव्हा काम हाती घ्यावं.

कोपऱ्याचा खड्डा मुरमातसुद्धा दीड फूट बाय दीड फूट, खोली अडीच फूट. त्याला जवळपास एक पोतं सिमेंट एकट्याला लागतं. लागू द्यावं.

(दृश्य : काँक्रीट कालवणं. ओळंबा.)

प्रमाण एकास दोन, चार. एक पोतं सिमेंट, त्याच पोत्याच्या मापानं दोन पोती वाळू किंवा क्रश सँड, चार पोती वीस मिलीमीटरची खडी. पाणी पोत्याला २५ ते २८ लिटर. गड्यांना पातळ माल आवडतो, कारण तो आपसूक खड्ड्यात बसतो. पण जास्तीचं पाणी पुढं उडून जातं आणि मागं भोकं ठेवतं. घट्ट माल सळईनं कोचून बसवावा. एका पोत्यात एक बाय एक बाय दोनचे पावणेतीन खड्डे भरतात. आपल्या एकराच्या हिशेबाला, कोपरे आणि टेकू धरून, ३८ ते ४० पोती लागतील.

आधी फक्त चार कोपरे उभे करायचे. दोन दिवसांनी त्यांच्यामध्ये नायलॉनच्या दोन दोऱ्या बांधायच्या, एक जमिनीपासून वीतभर आणि एक वरच्या टोकाला. मधला प्रत्येक खांब दोन्ही दोऱ्यांना जेमतेम शिवेल असा धरायचा, दाबायचा नाही. एका खांबानं दोरी रेटली की पुढचे सगळे त्या चुकीच्या रेषेत उभे राहतात. खड्ड्याच्या तळाला आधी दोन इंच काँक्रीट, त्यावर खांब. लोखंडाचं टोक मातीला टेकता कामा नये. ओळंबा दोन बाजूंनी लावायचा. उतारावर खांब ओळंब्यातच उभा पाहिजे, उताराला काटकोनात नव्हे.

पन्हाळा, शाहूवाडीकडच्या चढउताराच्या रानात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ओघळीच्या तळाशी असलेल्या खांबाला ताणलेली तार वर उचलते. तिथला खड्डा कोपऱ्याच्या मापाचा घ्यावा, तळ पोखरलेला.

काँक्रीट जमिनीच्या दोन इंच वर आणून चारी बाजूंना उतार द्यावा, थापीनं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण गवंडी निघून गेल्यावर ते कुणी करत नाही. काँक्रीट मातीखाली राहिलं की खांबाभोवती पाण्याची वाटी तयार होते.

अँगलची दिशाही ठरवून ठेवावी. भोकं असलेली पाती कुंपणाच्या रेषेत. जनावरं आत ठेवायची असतील तर तार आतल्या बाजूनं, बाहेरची जनावरं अडवायची असतील तर बाहेरच्या बाजूनं. धक्का खांबावर यावा, बांधलेल्या तारेच्या तुकड्यावर नाही.

(दृश्य : कोपऱ्याला टेकू बसवताना.)

टेकूबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. पुष्कळ ठिकाणी कोपऱ्याच्या बाहेर, तिरका, एकच टेकू दिसतो. तार खांबाला आत ओढते. बाहेरचा टेकू मग खांबाला मागं धरून ठेवायला बघतो, आणि त्याचं पायथ्याचं काँक्रीट उपसून येतं. टेकू तारेच्या रेषेत, तारेखालीच हवा. म्हणजे तार खांबाला ज्या दिशेला ओढते, त्या दिशेकडून तो खांबाला उलटा रेटतो. कोपऱ्यावर दोन रेषा, म्हणून दोन टेकू. जोड जमिनीपासून १.२ मीटरवर, पाय खांबापासून तेवढ्याच अंतरावर, नटबोल्टनं. पाय जवळ घेतला की टेकू उभा होतो आणि रेटण्याऐवजी खांबाला उचलू लागतो. टेकूच्या पायाला एक बाय एक बाय दीड फुटाचा खड्डा.

त्यानंतर सात दिवस पाणी मारायचं आणि तारेला हात लावायचा नाही. मजुरांचा रोज वाचवायला तिसऱ्या दिवशी तार ओढली की खांबाच्या बुडाशी केसाएवढी फट पडते. ती पुन्हा भरत नाही.

तार घेताना जस्ताचा मुलामा असलेली, आयएस २७८ चा (काटेरी तारेच्या भारतीय मानकाचा) उल्लेख असलेली घ्यावी. १०० मीटरला ९.३८ किलो वजनाच्या तारेचा हिशेब धरला तर पाच ओळींच्या १२७० मीटरला ११९ किलो होतात, तूट धरून १२५ किलो घ्या. ओळी जमिनीपासून ६, १४, २४, ३६ आणि ५० इंचांवर. खाली दाट, वर विरळ. ताण एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एकसंध द्यायचा, चेन पुलीनं किंवा रॅचेटनं. मधल्या खांबांना तार आवळून बांधू नये, जस्ती तारेच्या तुकड्यानं नुसती धरून ठेवावी, म्हणजे ती सरकू शकते. सेंट्रिंगची काळी बाइंडिंग वायर दोन पावसाळ्यांत गळून पडते.

आणि कुंपण कुठल्या जनावरासाठी आहे हे स्वतःला स्पष्ट विचारावं. म्हशी-गाईंना पाच ओळी पुरतात. रानडुक्कर खालून उकरतं, त्याला तळाशी जाळी आणि ती फूटभर पुरलेली पाहिजे. राधानगरी, दाजीपूरच्या बाजूचा गवा किंवा आजरा-चंदगडचा हत्ती यांना अँगल आणि काटेरी तार अडवत नाही, तिथं सौर झटका कुंपणाचा वेगळा विचार करावा लागतो. पण घरगुती वीज तारेत सोडायची नाही, कधीच नाही. त्यात माणसं मेली आहेत, आणि तो गुन्हा आहे.

पंचगंगेच्या, कृष्णेच्या पूरपट्ट्यात चेनलिंक जाळी टाळावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरासारखं पाणी आलं की जाळीत पाचट, जलपर्णी अडकते, जाळीची भिंत होते आणि पाण्याचा रेटा खांब आडवे करतो. काटेरी तारेच्या ओळींतून पाणी बरंचसं निघून जातं.

फाटक चौदा फुटांपेक्षा अरुंद नको. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह वळतो तेव्हा मागची ट्रॉली खांब कापत जाते. पाणंद चिंचोळी असेल तर फाटक दहा फूट आत घ्यावं. फाटकाचे खांब तीन फूट खोल.

वर्षातून दोनदा फेरी मारायची. वळवाच्या आधी ताण बघायचा, बोल्ट आवळायचे. दसऱ्यानंतर खांबांच्या बुडाशी चढलेली माती खोऱ्यानं ओढून काँक्रीट पुन्हा उघडं करायचं. सरी सोडताना ती हमखास चढते. पाचट पेटवणार असाल तर कुंपणापासून आठ-दहा फूट ओढून घ्या : जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणि जाळात सापडलेली तार पुढच्याच पावसाळ्यात तांबडी होते.