राबत्या अंगाला तेल

[पहाट. तालमीचा हौदा]

सोलापुरातली एक जुनी तालीम. हौद्यातल्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू कालवलेलं असतं. ती रोज उकरायची, मगच कुस्ती. जोर-बैठका झाल्या, लढती झाल्या. आता वस्तादांनी पोराला पालथा घेतलाय.

हात बघा. तेल आधी तळव्यांवर चोळून कोमट केलं. सुरुवात पोटरीपासून, आणि प्रत्येक हात खालून वर, काळजाच्या दिशेनं. दाब लगेच द्यायचा नाही. पहिले काही हात नुसते फिरवायचे, अंग सैल पडू द्यायचं. मग अंगठा खवाट्याच्या कडेनं सरकतो, एका जागी थांबतो. गाठ तिथं आहे. अंगठा तसाच ठेवला की पोरगं लांब श्वास सोडतं, आणि वस्तादांना तेवढी खूण पुरते.

2012 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच तपासलं. दमवून घेतलेल्या 11 तरुणांच्या एकाच पायाला 10 मिनिटं मालिश केली, दुसरा पाय तसाच ठेवला. मालिश केलेल्या पायाच्या स्नायूंत दाह कमी झालेला आढळला. मालिशनं लॅक्टिक आम्ल, म्हणजे जोराच्या मेहनतीत स्नायूंत तयार होणारं आम्ल, निघून जातं, असं सगळेच सांगतात. ते मात्र तिथं दिसलं नाही.

[लाकडी घाणा. तेलाची धार]

हे करडईचं तेल. आपल्या जिल्ह्यात ज्वारीच्या कडेनं करडई लावतात. काट्यांमुळं गुरं आत शिरत नाहीत. करडईवर संशोधन करणारं केंद्रही सोलापुरातच आहे. घाण्यावरचं तेल सावकाश निघतं, फार तापत नाही. अंगाला लावायला कुणी करडई घेतं, कुणी तीळ. तेलाचं मुख्य काम एवढंच, की हात कातडीला न ओढता सरकावा.

[पूर्व भाग. उंबऱ्याशी विड्या वळणाऱ्या बायका]

आता या माना बघा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. भिजवलेलं तेंदूचं पान कातरीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. पुन्हा पुढचं पान. दिवसाला हजाराच्या आसपास विड्या. प्रत्येक विडीला मान खाली, अंगठा आणि तर्जनी आवळलेली. सोलापुरात हजारो घरं या बोटांवर चालतात.

या बाईच्या अंगाला तेल कधी लागलं? बाळंतपणात. सव्वा महिना आईनं, आजीनं चोळून न्हाऊ घातलं, शेक-शेगडी दिली. बाळालाही रोज मालिश झाली. त्या मालिशीचा गुण मोजलेला आहे: 1986 साली अमेरिकेत टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून 3 वेळा मालिश दिली, तेव्हा ती बाळं इतरांपेक्षा 47 टक्के वेगानं वजन धरू लागली.

सव्वा महिना संपला, बाई पुन्हा सुपाशी बसली. पैलवानाला वस्ताद आहे, बाळाला आजी आहे. तिला कोण आहे?

[दोघी शेजारणी. एकीचा हात दुसरीच्या मानेवर]

हे आम्ही सांगून घडवलेलं नाही. पानं संपली, सूप बाजूला झालं, आणि “अक्का, जरा बघ गं” म्हणत एक पाठ करून बसली. हात सावकाश फिरतोय, आणि त्या सावकाशीलाच गुण आहे. कातडीत काही मज्जातंतू असे असतात, की सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटीमीटर वेगानं होणारा मऊ स्पर्श ते खास ओळखतात. मेंदूला तो सुखाचा वाटतो, जीव शांत होतो. खांदे खाली आलेले दिसतात ना?

कंबरदुखी नवी असेल, तर गोळीच्या आधी शेक, मालिश असे उपाय करून बघा, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं 2017 साली सांगितलं. ताप, जखम, हाड मोडलेलं, पायाला अचानक सूज आलेली असेल तर मालिश नको, आधी डॉक्टर.

[यंत्रमाग. चादर उतरवणारे हात]

चादरी विणणाऱ्या, विड्या वळणाऱ्या वस्तीत मालिश शिकलेली एकतरी बाई असावी, आणि तिच्या कामाला रीतसर मोबदला मिळावा. शिकवायला वस्ताद आहेत, सुईणी आहेत, फिजिओथेरपीवाले आहेत. तेल तर घराघरात आहे.