28 दिवसांचा महिना

(दृश्य : अंधार. मचाणावर बॅटरीचा उजेड. लांबवर कुत्री भुंकताहेत.)

रात्रीचे बाराला पाच कमी. यवतमाळ जिल्हा, आर्णी-दिग्रस रस्त्यावरून चार-पाच किलोमीटर आत. हरभऱ्यात डुकरं शिरू नयेत म्हणून दोन पोट्टे जागलीला बसलेत. एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या हातात मोबाईल. मोबाईलवर कुस्तीचा व्हिडिओ अडकलाय, नुसतं गोल फिरतंय. डाटा साडेआठलाच सरला.

"थांब ना बाप्पा, पाच मिनिटं राह्यले."

बारा वाजतात. नवा दीड जीबी येतो. पैलवान हलतो.

या वेळी गावात जागं कोण? हे जागलवाले, आणि ज्याच्या मोटारीची लाईन रात्रीच्या पाळीला आहे तो. ताजा डाटा त्यांच्या वाट्याला. बाकीचं गाव झोपलंय, आणि दिवसभरात ज्यांचा अर्धा-एक जीबी वापरायचा राहिला, तो बाराच्या ठोक्याला गेला. रेशनचा गहू महिन्यात उचलला नाही तर जातो, हे गावाला कळतं. इथे रेशन रोजचं आहे, आणि उचलायचं विसरलं तरी पैसे आधीच दिलेले.

(दृश्य : सकाळ. मोबाईलचं दुकान. काउंटरवर लाल बांधणीची वही.)

हे गावातलं रिचार्जचं दुकान. झेरॉक्स, चार्जर, फोटोला लॅमिनेशन, सगळं इथंच. दुकानदार म्हणाला, गावाचं नाव घेऊ नका, कंपनीचा माणूस तालुक्याहून येत असतो. नाही घेत. आजूबाजूच्या कुठल्याही गावाचं नाव घातलं तरी चालेल.

5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, ते दिवस त्याला पक्के आठवतात. आधार कार्ड घेऊन सिमसाठी रांग लागली होती. त्याआधी महिन्याला एक जीबी म्हणजे अडीचशेच्या घरात, तोही जपून जपून. मग 31 मार्च 2017 पर्यंत सगळं फुकट. फुकटात लागलेली सवय मोडायची कशी, हे कोणी विचारलं नाही. विचारायची गरजही वाटली नाही तेव्हा.

त्यानंतर भाववाढ आली: 2019, 2021, आणि 3 जुलै 2024. रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा पॅक 239 चा 299 झाला. दुसऱ्या कंपन्यांनीही त्याच आठवड्यात भाव चढवले, त्यामुळे सिम बदलून पळायचीही सोय राहिली नाही. आणि जुलै! तेव्हा बियाणं घेऊन झालेलं असतं, खताची उधारी डोक्यावर असते, निंदणाची मजुरी रोख मोजावी लागते. कापसाचा पैसा अजून पराटीला पात्याही नसलेल्या वावरात असतो.

28 दिवस का? तीस का नाही? हिशोब बोटावर येतो: वर्षात बारा महिने, पण रिचार्ज तेरा. टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने जानेवारी 2022 मध्ये कंपन्यांना तीस दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा, असा निदान एकेक पॅक ठेवायला सांगितलं. असे पॅक आहेत. दुकानाच्या भिंतीवर मात्र 28 चेच बोर्ड दिसले.

299 गुणिले तेरा, 3,887 रुपये. घरात तीन मोबाईल धरले तर 11,661. 2024-25 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 होता. त्या भावानं दीड क्विंटलाहून जास्त कापूस नुसता मोबाईलवर जातो. हमीभाव मिळाला तर. न मिळाल्यास आणखी.

(दृश्य : पारावर बसलेली पोरं, सगळ्यांच्या माना खाली.)

शहरातला कोणी म्हणेल, रील्स कमी पाहा. खरं आहे, पाहतात. संध्याकाळी पारावर तेच चालतं, आणि डाटा त्यातच जातो हे पोट्टेही नाकारत नाहीत. पण मग पुढचं कोणाच्या खात्यात टाकायचं?

ई-पीक पाहणी 2021 पासून राज्यभर सुरू झाली. पिकाचा फोटो शेतकऱ्यानं आपल्या वावरात उभं राहून काढायचा, ॲपवर चढवायचा. 2025 मध्ये सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला, हमीभावानं कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. लाडक्या बहिणीला ई-केवायसी आली. हे सगळं करायला कोणी हौसेनं मोबाईल घेतलेला नाही. सर्व्हर बसला तर तो दोष डाटाचा नाही, हेही सांगायला हवं. पण सर्व्हर चालू असताना डाटा संपलेला असणं, हा अनुभव इथं नवा नाही.

कोटा संपला की कंपनी नेट बंद करत नाही, 64 केबीपीएसवर आणते. ऐकायला बरं वाटतं. त्या वेगानं दोन एमबीचा एक फोटो जायला चार मिनिटांहून जास्त लागतात, तेही रेंज टिकली तर. सरकारी व्याख्येनं ब्रॉडबँड म्हणजे किमान दोन एमबीपीएस. हा त्याचा एकतिसावा भाग. पराटीत हात उंच करून उभा असलेला माणूस बांधावरून जाणाऱ्याला चेष्टेचा वाटतो. पण बांधावरूनही लोक आपला फोन काढून पाहतात, आपल्याला तरी रेंज आहे का.

(दृश्य : ग्रामपंचायतीचं कार्यालय. भिंतीवर बंद लोखंडी पेटी.)

या पेटीत भारतनेट आहे. गावोगावच्या पंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना केंद्रानं ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर केली, तेव्हा नाव वेगळं होतं. ती पुढं किती वेळा लांबली, ते सांगत बसलो तर हा व्हिडिओही लांबेल. ऑगस्ट 2023 मध्ये तिच्यासाठी आणखी 1,39,579 कोटी मंजूर झाले. गावात नेट न्यायला म्हणून टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातून पाच टक्के वेगळे काढले जातात, म्हणजे मचाणावरच्या त्या पोट्ट्याच्या रिचार्जचाही त्यात वाटा.

आम्ही गेलो त्या दिवशी पेटीचा दिवा बंद होता. शिपाई म्हणाला, रस्त्याच्या कामात जेसीबीनं वायर तोडली. केव्हा? "पोळ्याच्या आधी." आम्ही विचारत होतो जानेवारीत.

आता तालुक्याच्या गावातला भाव ऐका. घरी फायबर, 399 अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे 471 रुपयांत महिन्याला 3,300 जीबीची मर्यादा. तेवढं कोणी वापरत नाही, ते सोडा. खेड्यात मोबाईलवर 299 ला 28 दिवसांत मिळतात 42 जीबी. तिथं जीबीला चौदा पैसे, इथं सात रुपये. पोहोचत नाही तिथं जास्त पैसे, अशी ही वाटणी.

(दृश्य : दुकान. बटनाचा मोबाईल घेतलेला म्हातारा.)

"मले डाटा नाही पायजे. पोरीचा फोन आला पायजे."

एकेकाळी 'लाइफटाइम' सिम मिळायचं, पैसे न टाकताही बाहेरून येणारे फोन चालू राहायचे. 2018 पासून त्यालाही दर महिन्याचं रिचार्ज आलं. ट्रायनं डिसेंबर 2024 मध्ये नियम केला, तेव्हा कुठे डाटाशिवायचे पॅक परत आले, 84 दिवसांना साडेचारशेच्या आसपास. आजोबांना ते माहीत नव्हतं. दुकानदारानं शोधून काढलं, पण आजोबांच्या खिशात तेवढे एकदम नव्हते.

(दृश्य : वही उघडते. बोट ओळींवरून सरकतं.)

वहीत जुलैपासूनची उधारी आहे. तारीख, नंबराचे शेवटचे चार आकडे, 299. त्याच नंबरापुढे ऑगस्टमध्ये पुन्हा 299. सप्टेंबर, ऑक्टोबर. नोव्हेंबरात वेचणीआधीची सीतादहीची पूजा करून पहिला वेचा घरी आला, तेव्हा चार ओळींवर एकदम काट मारलेली. खाली, त्याच दिवशीच्या तारखेनं, पाचवी ओळ.

आजोबांचं नाव दुकानदारानं त्याखाली लिहिलं.