कोकणकन्या क्रॉसिंगला थांबते तेव्हा

(दृश्य : मुंबई सीएसएमटी. रात्र. फलाटाचं टोक.)

गाडी लागली की गावाला निघालेली माणसं डबा शोधतात. ही रेल्वेप्रेमी मंडळी आधी इंजिनाकडे धावतात. नंबर काय, कुठल्या शेडचं, हे वहीत टिपून झालं की मगच बॅगा बाकाखाली सरकतात.

रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी सुटणाऱ्या कोकणकन्येतून आज रेल्वेप्रेमींचा एक गट निघालाय. इंग्लंडात असे शौकीन आवडीचं इंजिन जोडून अख्खी गाडीच भाड्याने ठरवतात. आपल्याकडे ही चैन नाही. आरक्षण उघडलं की सकाळी मोबाईल घेऊन बसायचं आणि मिळतील ते बर्थ पकडायचे. तेही मुद्दाम स्लीपरचे. एसीची काच उघडत नाही, आणि काच बंद असेल तर ऐकणार काय?

कारण ही सहल बघण्यापेक्षा ऐकण्याचीच. बाहेर मिट्ट काळोख. पूल आला हे रुळांच्या आवाजावरून ओळखायचं, बोगदा आला हे कानात बसलेल्या दड्यावरून.

(दृश्य : रोहा स्टेशनची पाटी, खिडकीतून.)

रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते. इथून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटर कोकण रेल्वे. २६ जानेवारी १९९८ रोजी ती सलग खुली झाली. रोहा ते वीर दुहेरी मार्ग झालाय. वीरच्या पुढे मात्र बहुतेक सगळा एकेरी. म्हणजे समोरून गाडी येत असली की एकीने बाजूला उभं राहायचं. क्रॉसिंग.

एका लहान स्टेशनात गाडी हळूहळू लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळाला, शिरते आणि थांबते. खालच्या बर्थवरच्या आजी जाग्या होतात.

“खंय थांबली रे परत?”

“क्रॉसिंग आहे, आजी.”

“मगे हसतास कित्याक मेल्यांनो?”

हसतात, कारण शेजारच्या रुळावर रो-रो उभी आहे. सपाट वाघिणींवर एकामागोमाग एक लादलेले मालट्रक. कोलाडला हे ट्रक चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. १९९९ पासून ही सेवा चालू आहे. ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर लुंगी गुंडाळून, पाय डॅशबोर्डवर टाकून बसलाय. गिअरला प्लास्टिकची पिशवी लटकवलेली, समोर देवाचा फोटो, त्याला छोटा लाल दिवा. स्टिअरिंगला हात न लावता त्याचा घाट सरतोय. आमचा एक जण खिडकीतून विचारतो, “जेवण झालं का?” तो नुसता हात हलवतो.

तेवढ्यात मुंबईकडे जाणारी गाडी मुख्य रुळावरून धडधडत निघून जाते. फलाटावर हिरवा दिवा धरलेला रेल्वे कर्मचारी, दोन-तीन ओळखीचे हॉर्न, आणि आपल्या गाडीला हलकासा झटका. दारात लोंबकळून याचे रील काढणारेही असतात. त्यांना या गटात जागा नाही, आणि ते बरंच आहे.

जुन्या मंडळींची एक हळहळ मात्र ऐकावी लागते. २०२२ मध्ये सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. चढावर डिझेल इंजिन जे गुरगुरायचं, ते आता रेकॉर्डिंगमध्येच उरलंय. पण उक्षी सोडल्यावर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, तिथे धूर नाही, ही सोय तेही कबूल करतात. उघड्या खिडकीतून आता येतो तो ओल्या दगडाचा गारवा.

(दृश्य : रत्नागिरी, पहाट.)

रत्नागिरीत गटाची फाळणी होते. काही जण पुढे जाणार. त्यांना पानवलचा पूल हवाय : ६४ मीटर उंच. आधी खांब उभारले आणि वरचा पूल एका टोकाकडून पुढे ढकलत नेला, असं त्याचं बांधकाम. बाकीचे उतरून पादचारी पुलावरून पळत सुटलेत. दिव्याला जाणारी पॅसेंजर पहाटेच सुटते, आणि रात्री न दिसलेला घाट तिच्यातून उजेडी बघायचाय.

आजी दारातून विचारतात, “आता परत खंय चललास?”

“मुंबईला, आजी. पॅसेंजरने.”

“ती तर सगळ्यांका वाट देता!”

“म्हणूनच!”