कामठीत घर घेताना आधी हद्द विचारा

नमस्कार श्रोतेहो.

नोकरी नागपुरात आणि बिऱ्हाड कामठीत, हा हिशेब सध्या बऱ्याच घरांत मांडला जातो. अंतर साधारण १६ किलोमीटर आणि नागपूरच्या मानानं जागा मोकळी. तरी किलोमीटर मोजण्याआधी हद्द विचारा, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

कारण गावाच्या जन्मातच आहे. इंग्रजांनी १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी छावणी वसवली. तिला लागून बाजार वाढला, विणकर, विडी कामगार, व्यापारी आले आणि शहर झालं. छावणीही राहिली, गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आजही तिथंच आहे. म्हणून कामठी या एका नावाखाली कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, नगर परिषद आहे, आणि येरखेडा, रनाळा, भिलगावकडचे नवे लेआउटही आहेत. घरपट्टी कुठं भरायची, नकाशा कोण मंजूर करणार, बँक कर्ज देणार की नाही, हे सगळं घर यांपैकी कुणाच्या हद्दीत येतं त्यावर ठरतं.

सगळ्यात जास्त फसगत छावणीतल्या जुन्या बंगल्यांत होऊ शकते. 'ओल्ड ग्रँट' प्रकारात विटा, लाकूड, छप्पर विकणाऱ्याचं असतं, जमीन सरकारची. सरकारला ती परत घेता येते आणि भरपाई फक्त बांधकामाची मिळते. विक्रीलाही परवानगी लागते, बँकाही हात आखडता घेतात. तेव्हा जनरल लँड रजिस्टरचा, म्हणजे छावणीतल्या जमिनींच्या सरकारी नोंदवहीचा उतारा बघितल्याशिवाय इसार देऊ नका. नगर परिषदेच्या भागात आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मागा. तिच्यावर नझूल, म्हणजे सरकारी जमीन, असं लिहिलं असेल, तर भाडेपट्ट्याची मुदत कधी संपते आणि नूतनीकरण कुणाच्या नावावर झालं, ते तपासा. लेआउटच्या प्लॉटला सातबारा, जमीन अकृषक, म्हणजे शेतीबाह्य झाल्याचा कागद आणि मंजूर नकाशा, तिन्ही हवेत. सातबारावर ढीगभर नावं एकत्र असतील आणि आपला तुकडा वेगळा मोजलेला नसेल, तर थांबा. 'आर. एल.', म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, 'येणारच आहे' या आश्वासनावर पैसे मोजू नका. पत्र हातात आलं तरच ते खरं.

जाण्यायेण्याचं थोडक्यात. ऑटोमोटिव्ह चौक ते सीताबर्डी मेट्रो ११ डिसेंबर २०२२ पासून धावते. पुढं कन्हान नदीपर्यंतचा टप्पा मंजूर आहे, पण तो पूर्ण होईपर्यंत ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत यायला बस, ऑटो किंवा स्वतःची गाडी लागते, आणि खांबांचं काम चालतं तिथं रस्ता अरुंद होतो. रेल्वे स्वस्त, पण ही हावड्याची लाइन. मालगाड्यांचा भार मोठा, त्यामुळं लोकल गाडी मध्येच उभी राहते. पास काढण्याआधी तो कोणत्या गाड्यांत चालतो, ते खिडकीवर विचारा. घर ठरवण्यापूर्वी सोमवारी सकाळी, ऑफिसच्या वेळेला, एकदा खरोखर जाऊन बघा. रविवारच्या फेरीचा हिशेब खोटा निघतो.

आता जुनं घर घेतलंच, तर. जाड विटांच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती मे महिन्यात मोठा आधार देतात. त्यांना सिमेंटचं प्लास्टर लावू नका. जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंटमागं ती अडकते, वर सरकते, खार फुटतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. ओल दिसते त्याच्या वर हातभर जुनं प्लास्टर काढा, विटांमधले सांधे पेरभर खरवडा, ब्रशनं खार झाडा. मग एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) मिळून, असा गिलावा लावा. हे काम दिवाळीनंतर काढा. उन्हाळ्यात गिलावा भराभर वाळतो, चुना घट्ट व्हायच्या आतच तडकतो. लावल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट टांगून ठेवा.

छपरावर इंग्रजी कवेलू असतील तर पहिल्या पावसाआधी फेरून घ्या. नव्या कारखान्याचा कवेलू जुन्याच्या खाचेत नीट बसत नाही, म्हणून फुटलेल्यांच्या जागी त्याच छापाचे जुने शोधा. नाही मिळाले, तर मागच्या उताराचे चांगले काढून पुढं लावा आणि मागचा उतार पूर्ण नव्या कवेलूंचा करा. कवेलू उतरवलेले असतानाच खालच्या लाकडी पट्ट्यांना उधई, म्हणजे वाळवी लागली का, ते टोच्यानं टोचून बघा.

आणि कूलर! तो खिडकीला चिकटवून ठेवला, की टाकीचं ठिबकणारं पाणी चार महिने घराच्या पायात मुरतं. बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती आहे. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि नेमकी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. स्टँड भिंतीपासून अर्धा फूट दूर ठेवा, खाली फरशी टाका आणि ओव्हरफ्लोची नळी थेट नालीत सोडा.