पद्मिनीचा स्लो, काट्यावर

हा आवाज ओळखलात ना? प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी, चार सिलिंडर, कुर्ल्याच्या कारखान्यातली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण हौशी लोकांच्या पार्किंगमधे अजून बऱ्याच आहेत आणि त्यातल्या निम्म्या तरी सिग्नलला बंद पडतात. मालक म्हणणार कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) गेला. थांबा जरा, आधी बघूया तरी.

स्लो, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन ज्या कमी वेगात चालू राहतं तो, सेट करायची आपल्याकडची पद्धत म्हणजे कान. जुना मिस्त्री स्क्रूड्रायव्हर फिरवतो, मान तिरकी करून ऐकतो, झालं म्हणतो. त्या कानाला मी नावं ठेवणार नाही, पण अडचण अशी की मिक्श्चर थोडं रिच, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त, असलं की इंजिन कानाला गोडच लागतं, मग प्लग काळे होतात, पेट्रोल जास्त जातं, आणि हे कळतं महिन्याभरानं.

म्हणून हा व्हॅक्युम गेज. इंजिन हवा ओढतं, आयडलला, म्हणजे स्लोवर, थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, त्यामुळे थ्रॉटलच्या खाली जी ओढ तयार होते ती हा काटा पाऱ्याच्या इंचात दाखवतो. नळी लावायची ती थ्रॉटलच्या खाली, इंजिनाच्या बाजूला. काही कार्ब्युरेटरला डिस्ट्रिब्युटरसाठी (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) बारीक नळी असते, तिला लावून लोक म्हणतात गेज खराब आहे, अहो तिथे आयडलला काही येतच नाही!

इंजिन चांगलं गरम, चोक पूर्ण आत (म्हणजे बंद), टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) आधीच बघितलेलं. ते राहिलं असेल तर आधी ते करा, नाहीतर पुढचं सगळं फुकट. मुंबईत, समुद्रसपाटीला, धडधाकट इंजिन 17 ते 21 इंच दाखवतं आणि काटा हलत नाही. दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी होतो, म्हणजे हीच गाडी महाबळेश्वरला नेली तर चारेक इंच कमी दिसणार, तिथे घाबरून स्क्रू पिळत बसू नका.

आता हा मिक्श्चर स्क्रू. हळूहळू आत घेतोय... काटा खाली आला, इंजिन अडखळायला लागलं, लीन झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं. आता बाहेर, पाव पाव फेरा, काटा चढतोय, चढतोय, आणि इथे थांबला. अजून बाहेर काढला तर परत उतरतो. तो वरचा टप्पा पकडायचा. रेस वाढली असेल तर दुसऱ्या स्क्रूने स्लो कमी करायचा आणि मिक्श्चर परत बघायचं, कारण एक हलवला की दुसरा बिघडतो, दोन-तीनदा हे करावंच लागतं. शेवटी मिक्श्चर किंचित आत, काटा जेमतेम खाली येईल इतकाच. आणि स्क्रू कधीही आवळून बंद करायचा नाही, टोकाला खाच पडली की तो कधीच नीट सेट होत नाही.

पण मला या गेजमधलं खरं आवडतं ते वेगळंच. काटा ठरावीक तालात टचकन खाली येतोय? व्हॉल्व्ह बघा, जळलेला असू शकतो. काटा स्थिर आहे पण 14-15 लाच बसलाय? टायमिंग मागे असेल, नाहीतर पॅकिंगमधून हवा घेतोय. एक झटका रेस देऊन सोडा, काटा जवळपास शून्याला जाऊन उलटा 24-25 पर्यंत उडाला तर पिस्टनच्या रिंगा बऱ्या आहेत. यातल्या एकाही गोष्टीत कार्ब्युरेटरचा काही दोष नाही, आणि तरी शिव्या मात्र त्याच बिचाऱ्याला, वर नवीन किटचा खर्च.

ही गाडी 18 वर उभी आहे, काटा अगदी गप्प. गेज काढला की नळीचं तोंड लगेच घट्ट बंद करायचं, नाहीतर तिथूनच हवा घेईल आणि स्लो परत पहिल्यासारखा.